मेड्युला माझं ऐकत नाही

६ ऑक्टो. ९७, सोम.
मुलाखतीचं पत्र आलं. अ‍ॅनॅटॉमीत लेक्चररची एक जागा, कायम. इथं उत्तरेत सहा वर्षं अ‍ॅडहॉक काढली: दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेमायचं. या खेपेला आमच्या हेड, बेदी मॅडम, स्पष्टच बोलल्या. "गायकवाड, इस बार रेगुलर हो जाओ. दिसंबर के बाद मेरे हाथ में कुछ नहीं." म्हणजे नोकरी गेली की क्वार्टरही गेलं. घरी सुनंदाला सांगितलं. तिनं आधी भिंतीवरची ओल पाहिली, मग मला पाहिलं. दोन्हींची डागडुजी करायला हवी म्हणाली.

९ ऑक्टो.
डेमो लेक्चरचा विषय मॅडमनी चिठ्ठी टाकून काढला. चारही उमेदवारांना एकच. लिंबिक सिस्टीम आणि ब्रेन स्टेम, वीस मिनिटं. आयला, हे तर मी झोपेत शिकवतो. सु. म्हणाली, "शिकवताच. मी ऐकते ना."

१० ऑक्टो.
तालीम. श्रोते: ऋचा, वय आठ. तिला हातात बदाम देऊन सांगितलं, मेंदूत कानाच्या आतल्या अंगाला एवढीशी गाठ असते, अमिग्डाला. भीती तिथं. तिच्या मागे लागूनच एक वळलेली पट्टी, हिप्पोकॅम्पस, नवी आठवण तिथं पक्की होते. त्याच्यावरून कमानीसारखा धागा निघतो तो पुढं खाली उतरतो. आणि सगळ्याच्या तळाशी देठ. श्वास, छातीचे ठोके, गिळणं, ओकारी, सगळं देठाकडे. आपल्याला विचारत नाही तो.
मराठीत ऐकते, उत्तर हिंदीत. "पापा, फिर ऊपर वाला इतना बड़ा किस काम का?"
सहा वर्षांत एकाही एमबीबीएसवाल्यानं हे विचारलं नाही. मी विचार करेपर्यंत तिनं अमिग्डाला खाल्ला.

१२ ऑक्टो., रवि.
दुपारी राजमा-चावल. सव्वा वाजता उचकी लागली. आत्ता रात्रीचे आठ. चालू आहे.

१३ ऑक्टो.
थांबली नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात "हायपोथॅल..." आणि उचकी. दीडशे पोरं. मागच्या बाकांवरून टाळ्या.
आणि सगळ्यात चीड याची की मला एकूणएक रस्ता पाठ आहे. खबर कुठल्या नसेनं वर जाते, देठाच्या खालच्या टोकाला, मेड्युलात, कुठं गाठ पडते, कुठल्या नसेनं खाली येऊन छातीखालच्या पडद्याला झटका देते, घशातलं वरचं दार धाडकन कसं मिटतं. फळ्यावर रंगीत खडूनं काढून देतो. थांबवता येत नाही.
डिसेक्शन हॉलचा शिपाई चमनलाल, तीस वर्षं नोकरी, माणूस खाली बसवून सात घोट पाणी पाजतो. पाजलं. मग दुपारी मी एकटा ट्रेसमोर उभा असताना मागून न बोलता खांद्यावर हात ठेवला. मुडद्यांच्या त्या हॉलमध्ये मागून कुणी हात ठेवायची पद्धत नाही. मी असा ओरडलो की मॅडम चहा टाकून धावत आल्या. अमिग्डालाचं काम उत्तम. उचकी जागच्या जागी.
चमनलाल: "डॉक्टर साब, ये तो जिद्दी है."

१४ ऑक्टो.
अठ्ठेचाळीस तासांवर गेली तर तपासणी करा, असं मीच मुलांना सांगतो. घाबरलो. मेडिसिनच्या ओपीडीत गेलो. तपासलं, सगळं ठीक निघालं. टेन्शन आहे म्हणाले, गोळी दिली. गोळीनं झोप आली. झोपेत उचकी.
संध्याकाळी सु. समोर पाट टाकून बसली. "आता मी नावं घेते. आठवण कोण काढतंय ते कळेल." मी म्हटलं, अगं मी शरीररचनाशास्त्राचा माणूस आहे. "मग बसा उचकत," म्हणाली. बसलो.
कऱ्हाडची आई. उचकी. दादा, वहिनी. उचकी. आत्या, ती मेलीय हे माहीत असून. कॉलनीचा सेक्रेटरी. माझा दहावीचा वर्ग, हजेरीच्या क्रमानं, जेवढा आठवला तेवढा. चाळीस मिनिटं गेली. सांगलीचं, माझ्या लग्नाआधीचं एक नाव सु.नं फार हळू, माझ्याकडे न बघता घेतलं. तिला ते नाव माहीत असेल असं मला पंधरा वर्षांत वाटलं नव्हतं. उचकी आलीच, देवाची कृपा. पण ती तेवढीच उशिरा आली असती तर माझं काही खरं नव्हतं.
ऋचा: "मम्मी, सिलेक्शन कमिटी का नाम लो."

१६ ऑक्टो., गुरु.
मुलाखत. सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या माझं मलाच पटायचं नाही.
बाहेर बाकावर चौघं. शेजारी अमरावतीच्या डॉ. वानखेडे, साधारण माझ्याच वयाच्या. माझी फाइल बघून म्हणाल्या, "तुम्ही आपलेच का? बरं झालं बाप्पा, दोन दिवस झाले, मराठी बोललीच नाही मी." तेच ते कागद पुन्हा पुन्हा लावत होत्या. पाणी दिलं. मला उचकी आली तर त्यांनी तोच ग्लास मला परत दिला. मग मी एक सांगितलं, का सांगितलं माहीत नाही: आत दोन मेंदू ठेवलेत, डावीकडच्या ट्रेतला घ्या, उजवीकडच्याची कमान तुटलीय. "थँक्यू हां सर."
दार अर्धं उघडं होतं, त्यांचं लेक्चर ऐकलं. बाई दोन्ही हातांनी फळ्यावर काढतात. एका वेळी उजवी बाजू, डावी बाजू. आत हसू, प्रश्न, परत हसू.
मग मी. दहा मिनिटं सुरळीत, मध्ये सहा उचक्या. कमिटीतले एक वयस्कर पाहुणे परीक्षक प्रत्येकीला भुवई उचलत. सातवी आली तेव्हा मनाशी म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही, वापरूनच घेऊ. इंग्रजीत म्हणालो, "सर, ब्रेन स्टेमचं याहून चांगलं प्रात्यक्षिक नाही. पुढच्या उचकीला मी हात वर करीन, तिचा रस्ता टप्प्याटप्प्यानं दाखवीन." हात तयार ठेवला.
आलीच नाही.
चार दिवस दर मिनिट-दीड मिनिटाला येणारी उचकी. कमिटी थांबली. मी थांबलो. पाहुण्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी जरा हवा गिळून पाहिली. बेदी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. चमनलाल ट्रे धरून उभा, त्याचे ओठ हलत होते, बहुतेक वाहेगुरू.
शेवटी पाहुणे: "डॉक्टर, ये आपके कहने में नहीं है क्या?"
मी: "सर, यही तो मैं पढ़ाने आया था."
हसले. जोरात हसले. माझ्यावर की उत्तरावर ते कळलं नाही. घाम पुसून बाहेर आलो. उचकी गेली ती गेलीच.

१७ ऑक्टो.
उचकी नाही. सगळं घर फार शांत वाटतं. सु. विचारते, डाव्या ट्रेचं का सांगितलंत. म्हटलं, तुटक्या कमानीवर कुणालाही शिकवायला लावू नये. म्हणाली, तुम्ही मास्तरच राहणार. कौतुक होतं की काय, विचारलं नाही.

५ नोव्हें., बुध.
यादी लागली. निवड: डॉ. वानखेडे. वेटिंग लिस्ट: एक, गायकवाड. मॅडमनी बोलावून बर्फी दिली, वेटिंगची. "पंधरा तारीख तक उनको जवाब देना है. वो ना आईं तो तुम." दहा दिवस.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, रडलो, स्कूटर स्टँडवर, हेल्मेट घालून.

८ नोव्हें.
घरात दुसरा विषय नाही. सु. म्हणते, अमरावतीहून एवढ्या लांब कोण येतंय. ऋचा म्हणते, आंटी को यहाँ अच्छा नहीं लगेगा. मी तोंडानं म्हणतो, असं बोलू नये. मनात त्यांच्या सासरचा विरोध, नवऱ्याची बदली, सगळं मीच घडवून आणतो. लाज वाटते. तरी सकाळी उठून पहिला विचार तोच.

११ नोव्हें., मंगळ.
रात्री जेवताना फोन. डॉ. वानखेडे. नंबर डिपार्टमेंटमधून घेतला. त्यांना वेटिंग लिस्टचं ठाऊकच नाही, त्यांच्या पत्रात फक्त त्यांचं नाव.
"सर, तुमच्याशिवाय कोणालाच ओळखत नाही तिथं. खरं खरं सांगा. सासूबाईंना दमा आहे, त्यांना सोडून येता येत नाही. थंडी खूप राहते का जी? झेपेल का त्यांना? तुम्ही म्हणाल तसं करते. उद्या सकाळी आठला करते फोन, तुम्ही विचार करून ठेवा."
फोन ठेवला. वरण गार झालं होतं. खाल्लं.

१२ नोव्हें., सकाळी
साडेपाचपासून जागा. जानेवारीत इथं आठ-आठ दिवस ऊन नसतं, धुकं खिडकीला येऊन चिकटतं, चमनलालच्या बायकोला दर थंडीत दम्यासाठी भरती करतात. हे खरं. एवढंच सांगितलं तरी मी खोटं बोललो असं कुणी म्हणणार नाही.
ऋचा दोन वर्षांची असताना आम्ही कऱ्हाडहून आलो, तेव्हा दम्याचा पंप सुटत नव्हता तिचा. इथं दोन थंड्यांत सुटला. इथल्या छातीच्या डॉक्टरांनी सोडवला. हेही खरं.
सु. चहा घेऊन आली. विचारलं, काय सांगू? म्हणाली, खरं सांगा. म्हटलं, कुठलं? चहा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "ऋचाच्या पंपाचं बोलू नका असं तोंडावर आलंय माझ्या. म्हणून मला विचारू नका."
आठला पाच कमी. फोन वाजला. बाई वेळेच्या आधीच्या आहेत. ऋचानं उचलला. "पापा, वो मराठी वाली आंटी."