पोळ्याच्या करीची रजा

टेंभुर्णी
३ ऑगस्ट २००३

चि. साळूस दुर्गाआक्काचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी कांताबाई कासारीण आली. बांगड्याचं टोपलं खाली ठेवायच्या आधीच पेढे मागायला लागली. तिच्या मागं साहेबरावची सून, मंग वाण्याची म्हातारी. म्हणत्या, तुमच्या प्रभानं जालन्याच्या कंपनीत कंपूटरवर असं काहीतरी केलं की बियाण्याचा ट्रक कोण्या तारखेला निघंल ते आपोआप उमटतं, साहेब खूष झाला, अन् बदनापुरात साळूबाईनं आळीभर शिरा वाटला. मी आपली हो हो, मला माहीत आहे म्हणले अन् गूळ-शेंगदाणे देऊन बोळवण केली. मला डोंबलाचं माहीत होतं!

साळे, नात माझी. माझ्या बद्रीची लेक, ह्या घरात रांगली. तुझ्याकडं ठेवली ती बदनापुरातून जालन्याला आगगाडी सोयीची म्हणून, दत्तक न्हाई दिली. अन् तिच्या कौतुकाची बातमी मला बांगड्यावालीकडून कळावी? शिरा कसा झाल्ता? तुझा कोरडा होतो.

ते कंपूटरचं काय ते नीट कळव, लोकं विचारून राह्यलेत. इकडं पाऊस बरा, मूग तोडायला आला. ढवळ्याच्या शिंगाला हिंगूळ आणून ठेवलाय. पोळा सत्तावीसला. पोरीला सांग, औंदा बिलकुल यायचं. गेल्या साली दिवसभर वाट पाहिली अन् तिच्या वाटणीच्या पोळ्या शेवटी बैलांनीच खाल्ल्या.

पोरीवर लोभ कर, पण सगळा करू नको.

तुझी आक्का

*

बदनापूर
९ ऑगस्ट २००३

ती. आक्कास साळूचा शि. सा. न. वि. वि.

शिऱ्याला कोरडा न्हाई, मोकळा म्हणतेत.

कंपूटरचं असं. दुकानदाराची आर्डर आली की कामाचे सात दिवस मोजून ट्रक भरायचा, असा त्यांचा कायदा. पहिले कॅलेंडरावर बोट ठेवून मोजायचे. कोणी रविवार धरायचा, कोणी सोडायचा, अन् रोज कटकट. प्रभानं असं सूत्र घालून दिलं की यंत्र रविवार ओलांडतं, सणाची सुट्टीही ओलांडतं, अन् रिपोर्टात बराबर तारीख छापून देतं. आपल्या दादांनी अवसेला औत धरलं न्हाई, तो दिवस सोडून पेरणीचा हिशेब केला, तसंच समज.

पण यंत्राला सण काय ठाऊक? सुट्ट्यांची यादी माणसानंच भरून द्यायची. ती करायला पोरगी माझ्याजवळ चुलीपुढं बसली. मी भाकरी थापीत सण सांगत गेले, ती लिहीत गेली. हे सांगणार नव्हते, पण तू शिऱ्यावर बोललीस.

पोळ्याला सुट्टी आहे, पण त्याला जोडून एक दिवसाची रजा साहेबाच्या हाती आहे. रिपोर्ट बिनचूक चालला तर देतो म्हणलाय.

लोभ आहेच. तुझ्यासारखा मोजून ठेवायची सवय मला न्हाई.

साळू

*

टेंभुर्णी
१४ ऑगस्ट २००३

चि. साळूस आशीर्वाद.

चुलीपुढं बसली म्हणे! सण तुला विचारले? ऐन करीच्या दिवशी जातं घेऊन बसलीस म्हणून आजीनं तुला बदडलं होतं, अन् सोडवलं होतं मी. विसरली असशील. मला आठवतं.

यादीत पोळ्याची कर सांगितलीस का? मला वाटतं न्हाईच सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलाला जू न्हाई, माणसानं नवं काम धरू न्हाई, हे प्रभाला मी शिकवलंय. चार वर्षांची होती, त्या दिवशी भातुकलीची चूलसुद्धा पेटवू दिली न्हाई. कर यादीत असंल तर ती माझी समज. बाकीचे सण तू ठेव.

पत्र प्रभाला मोठ्यानं वाचून दाखव. आवाज चढवायचा तिथं चढव.

तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी,
आक्का

*

बदनापूर
२१ ऑगस्ट २००३

ती. आजीस प्रभाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या दोघींचा निकाल मीच लावते. यादीत कर होती. साळूआजीनं सांगितली नव्हती. ती भाकरी परतताना पोळ्यावरून एकदम गणपतीवर गेली. मी मात्र हात न थांबवता लिहून टाकली. पोळ्याच्या खाली कर, दुसरं काही सुचलंच नाही.

आजी, पोळ्याला कंपनी बंद असते, करीला चालू. झालं काय, पोळ्याच्या पलीकडं जाणाऱ्या सगळ्या तारखा एक दिवस पुढं सरकल्या. गोदामातले धर्मराजकाका तर भडकलेच. त्यांनी ट्रक ठरवला एका दिवशी, रिपोर्ट सांगतो दुसऱ्या दिवशी. साहेबांनी बोलावून विचारलं, अठ्ठावीस तारखेला कोणता सण आहे. कर म्हणजे काय ते त्यांना समजावता समजावता मी ढवळ्याचं नावसुद्धा घेतलं. सगळं ऑफिस हसलं.

घरी येऊन रडले. साळूआजीनं जवळ घेतलं, अन् हळूच म्हणाली की कर आक्काची आहे, तिची तिला देऊन टाक.

आता यादीतून कर काढली. तारखा नीट आल्या. मग त्याच हातानं रजेचा अर्ज लिहिला. पोळ्याची सुट्टी आहेच, पुढचा एक दिवस मागितला. कारण लिहायच्या जागी लिहिलं, कर. साहेबांनी ते वाचलं अन् सही केली.

साळूआजीही येतेय. पोळ्या आम्हा दोघींच्या ठेव, बैलांना देऊ नको.

तुझी अन् साळूआजीची (दोघींची, भांडू नका)
प्रभा

*

टेंभुर्णी
२९ ऑगस्ट २००३

चि. साळूस आक्काचे पोटभर आशीर्वाद.

सकाळी तुमची यष्टी वळणाआड गेली अन् मी तशीच ओट्यावर बसले. कांताबाई आल्ती, तिला सगळं सांगितलं. कंपनीच्या एवढ्या ट्रकांच्या तारखा माझ्यामुळं पुढं गेल्त्या, हे दोनदा सांगितलं. ती म्हणे, चुकीचा एवढा काय तोरा. तिला काय कळतंय! चूक तर चूक, पण पोरीनं ती न विचारता, आपल्या मनानं लिहिली. तुझ्या चुलीपुढं बसून माझी लिहिली.

काल करीला आपण तिघी दिवसभर नुसत्या लोळलो. प्रभा तुझ्या अन् माझ्या मधी झोपली, पण तोंड माझ्याकडं होतं. मी उठून बघितलं. तू घोरत होतीस.

पोळ्याला इथं केलास तो शिरा बरा झाल्ता. हे कोणाला वाचून दाखवू नको.

जाताना पोरीला विचारलं, आता कधी? दिवाळीला तर येणारच म्हणली. दिवाळी मी धरीत न्हाई, ती सगळ्यांनाच असते. मंग तिनं माझ्या हातावर टिचकी मारून सांगितलं, संक्रांतीच्या करीला, तुला घेऊन. म्हणजे पंधरा जानेवारी, गुरुवार. कंपूटर तो दिवस कामाचा धरतो. धरू दे त्याला.

आक्का