खोली त्रेचाळीस, भेट पाचवी

सोमवार, ८ जानेवारी
आजपासून नवीन काम. साधंसुधं नाही. अठ्ठावीस देशांत एकाच वेळी घरोघर जाऊन लोकांच्या मनाची विचारपूस होणार, आणि त्यातली डिलाईल रोडची एक चाळ माझ्याकडे. एकशे चाळीस खोल्या, दर सातवी घ्यायची. वीस घरं. संस्थेने बारा दिवस दिलेत, मी सहात उडवणार. साबण आणि टूथपेस्टचे सर्व्हे अकरा वर्षं केलेत. माणूस दार उघडतो तेव्हाच मला कळतं हा काय उत्तर देणार.

सुपरवायझर सुरुची म्हणून आहे. वय सत्तावीस. तिचा नियम असा : घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं टॅबमध्ये भरायची, टॅब त्यातलं एक निवडतो. बोलायचं फक्त त्याच्याशी. नसेल घरी तर वेगवेगळ्या वेळी परत जायचं, पाच वेळा. त्याच्याऐवजी आई, बायको, शेजारी, कोणी चालणार नाही. मी विचारलं, अगदीच अर्जंट असेल तर? म्हणाली, तरीही नाही.
अनुभव कमी पडतो. शिकेल.

मंगळवार, ९ जानेवारी
घरं दोन. व्हायला हवी होती चार.
टॅबला माणसांची पारख नाही. खोली आठमध्ये पाच जण, त्यातले चार बोलायला नुसते टपलेले. टॅबने निवडले नाना. नानांना ऐकू येत नाही. प्रश्न खासगीत विचारायचे असतात, म्हणून दार लावून घेतलं आणि कानाशी ओरडलो, गेल्या तीस दिवसांत किती वेळा निराश वाटलं? नाना म्हणाले, दोन चमचे. बाहेरून गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, मला रोज वाटतं. ते लिहायला टॅबमध्ये जागा नाही.

बुधवार, १० जानेवारी. सकाळी ११
खोली त्रेचाळीस. जाईबाई, वय सहासष्ट. नवरा मिलमध्ये होता, वारला. घरात त्या आणि मुलगा राजेश, चौतीस वर्षांचा. दोन नावं भरली. टॅबने राजेश निवडला.
कुठे असतो विचारलं. “कामाक गेलोहा,” म्हणाल्या. कधी येतो? त्याचा काय नेम नाय, म्हणाल्या. बसवलं, चहा दिला, टीव्हीचा आवाज वाढवला. ऐकायला कमी येत असावं.
बाई मोठी बोलकी. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, आधी विश्वास निर्माण करा. म्हणून मीच माझं सांगायला घेतलं. शीव कोळीवाडा, आईचा मासळीचा धंदा, तिचा गुडघा, माझी ॲसिडिटी, बायकोशी, रुचिकाशी चाललेली बोलाचाली. चाळीस मिनिटं. विश्वास चांगला निर्माण झाला.

गुरुवार, ११ जानेवारी. संध्याकाळी ६
त्रेचाळीस, भेट दुसरी. राजेश नाही.
जाईबाईंनी तीन कप चहा केला. मला एक, त्यांना एक, तिसरा झाकून माळ्याच्या शिडीवर ठेवला. वयानुसार विसराळूपणा येतो. तसं दाखवू नये, माणसाचा मान राखावा.
आज नवीन घरं शून्य. छत्तीस नंबरला कुलूप. एकोणतीसमधली बाई म्हणाली, मनाचं काय विचारता, नळाचं विचारा.

शनिवार, १३ जानेवारी. सकाळी ७.३०
भेट तिसरी. मुद्दाम लवकर गेलो, कामाला निघायच्या आत गाठावा म्हणून. दाराशी पुरुषाची चप्पल. म्हटलं, आता सापडला! तर म्हणाल्या, तो गेलो. चप्पल? दुसरी घालून गेलो, म्हणाल्या. म्हणजे चपलांचे दोन जोड. परिस्थिती बरी आहे. नोंद केली.
सहा दिवस आज संपले. घरं सात. दोष माझा नाही, पद्धतीचा आहे. ब्राझीलमध्येही सध्या माझ्यासारखाच कोणीतरी दार वाजवत असेल. त्याला बिचाऱ्याला चहा तरी मिळतो का देव जाणे.

सोमवार, १५ जानेवारी
संक्रांत. भेट चौथी. तिळगूळ मिळाला, राजेश नाही.
सुरुचीला फोन करून स्पष्टच म्हटलं, आईला मुलाचं सगळं माहीत असतं, तिलाच विचारतो. ती म्हणाली, नाही. म्हटलं, फरक काय पडतो? तर लेक्चर दिलं. म्हणे, दार उघडतो, बसवतो, गप्पा मारतो, तो माणूस बहुतेक ठीकठाकच असतो. नुसत्या त्यांनाच विचारत सुटलात तर अख्खं शहर मजेत आहे असं निघेल. जो भेटत नाही तोच भेटायला हवा, हरेश्वरभाऊ.
वाक्य चांगलं आहे. ऑफिसात बसून सुचतं असं.

बुधवार, १७ जानेवारी. दुपारी ३
भेट पाचवी आणि शेवटची. जाईबाई दारातच म्हणाल्या, “माकाच इचार रे झिला. मी त्याची आवस, माका सगळा म्हायत आसा.”
आता बाई स्वतःहून म्हणते आहे. मी विचार केला, नियम माणसांसाठी की माणसं नियमांसाठी? प्रश्न वाचत गेलो, राजेशच्या नावावर उत्तरं भरत गेलो. झोप? चांगली. भूक? चांगली. कामात लक्ष? चांगलं. कधी जगणं नकोसं वाटलं का? इथे बाईंनी पदराने चष्मा पुसला, मग म्हणाल्या, नाय. चष्मा खराब होता.
मध्ये माळ्यावर काहीतरी करकरलं. उंदीर असतील. जुन्या चाळी.
पस्तीस मिनिटांत फॉर्म पूर्ण. या वेगाने उरलेली नऊ घरं दोन दिवसांत.

शुक्रवार, १९ जानेवारी
वीसपैकी वीस! ज्या घरी निवडलेला माणूस नव्हता तिथे जो होता त्याला विचारलं. नऊच्या नऊ जण मजेत. लालबागपर्यंत चालत गेलो, रुचिकासाठी चिवडा घेतला. तिने विचारलं, काय विशेष? म्हटलं, अठ्ठावीस देशांचं काम मार्गी लागलं.

मंगळवार, २३ जानेवारी
सुरुची तपासणीला गेली होती. वीसपैकी दोन घरं तपासतात, टॅबच निवडतो. त्याने नेमकी त्रेचाळीस काढली. माझ्याशी वैर आहे त्याचं.
तिने जाईबाईंना विचारलं, राजेशची मुलाखत झाली ना? बाई हो म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग माळ्यावरून आवाज आला, नाही झाली.
राजेश वरच होता. कामावरून काढल्यापासून चौदा महिने तो चाळीचा जिना उतरलेला नाही. आई लोकांना सांगते कामाला जातो. सुरुची शिडीखाली बसून राहिली. अर्ध्या तासाने तो खाली आला, दोन तास बोलला. निघताना तिने हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला.
मला म्हणाली, तुमची वीसही घरं रद्द, दुसरा माणूस परत जाईल. ओरडली नाही. ओरडायला हवं होतं.
मला संशय होताच तसा. चहा, चप्पल, सगळं टिपलं होतं मी. वेळ मिळाला असता तर उलगडा मीच केला असता.

शनिवार, २७ जानेवारी. सकाळी १०
ठरवलं, जाईबाईंकडून वदवून घ्यायचं. मी पाच वेळा आलो, प्रामाणिकपणे आलो, एवढं त्यांनी सुरुचीला फोनवर सांगावं. अन्याय सहन करणं माझ्या स्वभावात नाही.
त्रेचाळीससमोर गॅलरीत स्टुलावर एक दाढीवाला माणूस उन्हाला बसला होता. मी आत डोकावून जाईबाई म्हणून हाक मारली. तो म्हणाला, “हरेश्वरभाऊ ना? आवाजावरून ओळखलं.”
मी ताबडतोब मुद्द्यावर आलो. पाच वेळा आलो होतो की नाही? तो म्हणाला, हो, पाच वेळा. सांगतो ना मॅडमना. माझ्याच डोक्याखाली बसायचात, सगळं ऐकू यायचं.
मग खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, “तुम्ही आईला पाच वेळा विचारलंत, राजेश कुठेय. एकदा नुसतं वर बघून हाक मारली असतीत ना, तर मी उतरलो असतो. शेवटच्या दिवशी तर पाय शिडीवर ठेवला होता. तुमचं आपलं चाललेलंच. मग परत जाऊन पडलो.”
रागाने नाही म्हणाला.
जाईबाईंनी चहा आणला. तिघांनी गॅलरीत घेतला. सोमवारी हॉस्पिटलात जायचं आहे, जिना उतरायची भीती वाटते, म्हणाला. मी येतो बरोबर, असं म्हणणार होतो. त्याआधीच तो म्हणाला, सुरुचीमॅडम येणार आहेत.
बरं, म्हटलं.
आता सुरुचीला फोन लावायला हरकत नाही. साक्षीदार तयार आहे.
दोनदा नंबर काढला. लावला नाही.