बाईच्या केसांची माशी

सावनेर,
२८ जुलै २०२४

चि. अंकुश,
मोठ्या बहिणीचा जयभीम आणि आशीर्वाद वि. वि.

दवाखान्यात तुझ्याशी बोलायची काही सोय नाही. मिलच्या मागांनी तुझे कान नेले. मी हळू बोलली तर तुले ऐकू येत नाही आणि जोरात बोलली तर रामदासपेठेतला अख्खा वॉर्ड माझं दुखणं ऐकते. मोबाइलवर लिही म्हटलं तर एका ‘हो’साठी तुले अर्धा तास लागते. म्हणून हे पत्र.

किमो सुरू झाली की केस जातात म्हणे. उशीवरचे केस वेचत बसणं मले जमणार नाही, म्हणून काल दीप्तीकडून वेणीच कापून घेतली. पोरगी रडली, मी नाही. वेणी तिच्यासोबत पाठवून राहिली. आठवते का गा, फणीतलं गुंतवळ मी तुझ्यासाठी लपवून ठेवायची? आई चिडायची, की त्या गुंतवळावर भांडेवालीनं एखादी वाटी दिली असती. तू कोंबड्याचं पीस आणि माझे केस गळावर रेशमानं बांधून नकली माशी करायचा, आणि मासे असे येडे की त्या माशीले भुलायचे.

आता तर अख्खी वेणी आहे. माशी बांध, खेकरानाल्यावर जा आणि मले एक मरळ आणून दे. तुझ्या हातचा रस्सा खायची लय इच्छा आहे.

माया आहे तशीच राहू दे. तुझी बाई,
माया

*

इंदोरा, नागपूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. बाईस,
सविनय जयभीम वि. वि.

वेणी पोचली. पुडी उघडली आणि तशीच बांधून ठेवली.

बाई, तुले न विचारता एक गोष्ट केली, ते आता सांगतो. आषाढी पौर्णिमेले विहारात पंचशील घेतलं. तुले तर माहीतच आहे, जीवहत्या करणार नाही असं म्हणायची वेळ आली की मले आयुष्यभर खोकला यायचा आणि तू कोपरानं ढोसायची. या वेळी खोकलो नाही. पहिलं शील मोठ्यानं म्हटलं, आणि मनात धरलं की बाई बरी होईपर्यंत एकही जीव मारायचा नाही. भंतेजी म्हणाले, शील असं सौद्यानं घेत नाहीत. त्यांचं काय जाते म्हणायले, बहीण माझी आजारी आहे.

मासे धरायची गरी माळ्यावर टाकली. पिसं, रेशीम, गाठ पक्की करायची दीप्तीची नेलपॉलिशची बाटली, सारं डब्यात बंद. मी जेवढे जीव सोडीन तेवढे दिवस तुले मिळतील, असं मले वाटते. हसायचं असेल तर हास. मरळ सोडून काहीही माग. बर्डीवरून मोसंबी घेऊन येतो.

लहान भावावर जीव आहे तसाच ठेव. तुझा,
अंकुश

*

सावनेर,
१९ ऑगस्ट २०२४

चि. अंकुश,
जयभीम आणि रागातले आशीर्वाद वि. वि.

माझ्या जिवाचा सौदा कराले तुले कोणी सांगतलं गा? मी काय बाजारातली भाजी आहे? तुझी मोसंबी दीप्तीच खाते.

मागच्या गुरुवारी तू खाटेपाशी बसला होता तेव्हा मी पाहत होती. चादरीचा निघालेला दोरा तू धरला आणि गाठी मारत राहिला, जशा गळावर मारतो तशाच. माझ्या चादरीले कडेनं साऱ्या गाठी झाल्या, नर्स मले रागावली. हात पाण्याकडं ओढ घेऊन राहिले आणि हा माणूस मले शील सांगते!

मले मरळच पाहिजे. बाजारातली, थर्माकोलच्या डब्यातली नको. तू पकडलेली, माझ्या केसांच्या माशीवर. मागच्या पत्रात इच्छा होती, आता हुकूम आहे. तुले काहून समजत नाही, मले वाट पाहायले वेळ नाही.

राग आहे, पण माया त्याच्याहून जास्त आहे. तुझी बाई,
माया

*

इंदोरा, नागपूर,
१४ सप्टेंबर २०२४

ती. बाईस,
सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या रविवारी मासा आणि पत्र सोबतच आणतो. तू वाचत बस, तोवर मी रस्सा करतो.

तुझ्यापुढं माझं कधी चाललं? डबा काढला. वेणीतले चिमूटभर केस घेतले. आधी पांढरे वेगळे केले, मग वाटलं ते पण तुझेच आहेत, परत ठेवले. खाली पीस, वर केस, रेशमाचे वेढे आणि टोकाले नेलपॉलिशचा थेंब. बाटली गुलाबी निघाली, म्हणून माशीचं डोकं गुलाबी झालं. तुले आवडेल.

खेकरानाल्यावर माशी पाण्यात टाकली आणि तुझे केस असे पसरले की मले गरी ओढवेना. लहानपणी तू बुडी मारून वर यायची तेव्हा असेच दिसायचे. तेवढ्यात मरळीनं झडप घातली. बाई, मी लय घाबरलो. मासा सुटेल म्हणून नाही, केस जातील म्हणून. केस वाचले. मासा हातात घेतला आणि काठावर बसून खूप रडलो. शील मोडलं. ज्याच्यावर तुझे दिवस मोजत होतो तेच मोडलं.

मरळ बादलीत जिवंत आहे. दीप्तीले चुलीपाशी येऊ देऊ नको. आईसारखा रस्सा फक्त मलेच येते.

बाकी समोर बसल्यावर. तुझा,
अंकुश

*

सावनेर,
१७ सप्टेंबर २०२४

चि. अंकुश,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद वि. वि.

परवाचा रस्सा अजून जिभेवर आहे. तेव्हा म्हटलं तेच पुन्हा लिहिते, मीठ-तिखट बरोब्बर, हुबेहूब आईच्या हातचा. दोन वाट्या प्यायली ते तू पाहिलंच. तू मात्र एक घास घेऊन ताट सरकवलं आणि माझ्या तोंडाकडं पाहत बसला, येडा कुठला.

आता दर रविवारी पाण्यावर जात जा. मासा नाही आणला तरी चालेल, पण जा. वेणी संपेपर्यंत माशा बांध. तुले दुसरं काय येते गा?

लिहायले हात थकतो. जीव लावून राहा. तुझी बाई,
माया

*

सावनेर,
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामांस,
दीप्तीचा सविनय जयभीम वि. वि.

आईला जाऊन महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात बसून होतात. मला बोलायचं होतं, पण तुमच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

तुमच्या शेजारच्या गोपिकाकाकूंचा फोन आला होता. तुम्ही गरी पुन्हा माळ्यावर टाकली म्हणाल्या. शील मोडलं म्हणून बहीण गेली, असं तुम्ही मनात धरलंय, हेही त्यांनीच सांगितलं. मामा, असं नाही हो. हाती थोडेच महिने आहेत, हे डॉक्टरांनी आईला जुलैमध्येच सांगितलं होतं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली.

अजून एक. पहिल्या पत्रातली मरळीची इच्छा खरी होती. पण तुम्ही नाही म्हणालात तोवर किमोनं तिच्या तोंडाची चवच गेली होती. साखर आणि मीठ तिला सारखंच लागायचं. मग हा हट्ट कशाला, म्हणून मी भांडले. ती म्हणाली, तुझी अस्मितामामी गेली तेव्हा हा पाण्याकाठी बसूनच सावरला. आता पाणीच सोडून बसला तर मी गेल्यावर याला कोण सांभाळील? मरळ मला नको गं, त्याला पाहिजे.

शपथ मोडली. तुम्ही रागावू नका. तुमची भाची,
दीप्ती

*

इंदोरा, नागपूर,
१ डिसेंबर २०२४

चि. दीप्तीस,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद वि. वि.

रागावू कशाले, पोरी? चवीचं मले माहीत होतं.

त्या रविवारी घाईत मी रश्शात मीठच टाकलं नव्हतं. बाईनं वाटी तोंडाले लावली आणि मीठ बरोब्बर म्हणाली. मग मी घास घेतला आणि तिथंच समजलो. बोललो असतो तर तिची वाटी खाली गेली असती, म्हणून नुसता पाहत राहिलो. तू मागून जेवायले बसली, तोवर मी हळूच रश्शात मीठ घातलं होतं. मले वाटलं, माझं मन राखाले ती पिऊन राहिली. तिच्या मनात काय होतं ते तुझ्या पत्रानं समजलं. अळणी रस्सा दोन वाट्या प्यायली वं, माझ्यासाठी.

काल रात्रभर तुझं पत्र उशाशी होतं. आज सकाळी गरी खाली काढली, वेणीतले केस घेतले आणि एक माशी बांधली. तुझी बाटली वाळून गेली, येताना दुसरी घेऊन ये. रंग कोणताही चालते.

मग विहारात गेलो. पंचशील सुरू झालं, पहिलं शील आलं आणि मले खोकला आला. कोपरानं ढोसाले बाजूले कोणी नव्हतं.

येत जा वं, मामाले विसरू नको. तुझा,
अंकुशमामा