पुढच्या खोलीतले टीव्ही

३ ऑक्टोबर २००६
हे गेल्यापासून आज पहिल्यांदा पुढची खोली उघडली. यांचं दुकान. फळ्यांवर बंद टीव्ही, टेप, रेडिओ — लोकांनी दुरुस्तीला टाकलेले. कुणाचं काय, ते फक्त यांना ठाऊक. आता विचारू कुणाला! परत कडी लावली.

२० नोव्हेंबर
भाऊजी म्हणतात, "ज्याला पायजे तो येईल मागायला." येतात की! आज गावातला जानकू आलेला, पुढची खोली उघडून बसवला. चहा प्यायला, फळीकडं बघितलं, "पोपटभाऊ लई गुणी माणूस व्हता" म्हणाला आणि गेला. टीव्हीचं नाव नाही. घेतले असतील सगळ्यांनी नवे रंगीत. घरोघर जाऊन विचारावं, तर मी अजून उंबऱ्याबाहेर पडत नाही.

१५ जानेवारी २००७
भाऊजींनी फाट्यावरचा भंगारवाला आणला. मी आडवी आले. तो मेला ओढ्याकाठी वायरी जाळून तांबं काढतो, काचा तिथंच फोडतो. गावची जनावरं त्याच पाण्यावर. यांनी कधी एक ट्यूब उकिरड्यावर टाकली नाही!
"मग काय, पूजा मांडता का त्यांची, वहिनी?"
राग यायला हवा होता. हल्ली काहीच येत नाही.

२ मार्च
अश्विनीचा फोन. नणंद, पण बहिणीसारखी. पुण्यात तिला एक कंपनी सापडलीय — टीव्ही सुटे करून काच, शिसं, तांबं वेगळं काढतात. जाळत नाहीत. यांना पटलं असतं.

९ मार्च
टेम्पो येऊन गेला. खोली रिकामी. झाडून घेतली. रडू येईल वाटलं होतं. नाही आलं. भाकरी टाकल्या.

२९ ऑगस्ट
यांचं वर्षश्राद्ध. पंगती उठल्या. पाय दुखताहेत.

३० ऑगस्ट
सकाळीच जानकू दारात. मागं कुशाबाई, आणखी दोघंतिघं.
"वहिनी, दुखाच्या घरात वरीसभर काय मागू नये, म्हणून थांबलो व्हतो. काल वरीस झालं. टीव्ही न्यायला आलो. नवा घेतलाच न्हाई. पोपटभाऊ म्हणलं व्हतं, ह्योच व्हईल नीट."
कुणीच विसरलं नव्हतं! आणि मी दारात आडवी उभी, आतली रिकामी खोली दिसू नये म्हणून — रडतेय, वर्षानं.