ताईच्या अंगठीतला खडा

४ फेब्रुवारी
ठरलं. ताईच्या लग्नाच्या अंगठीतला खडा मीच कापणार. अमेथिस्ट, गडद जांभळा. सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं. ताई म्हणाली, बरं बाई, पण लग्न याच वर्षी आहे एवढं लक्षात ठेव. सोनाराने रिकामं कोंदण करून दिलंय. खडे कापायचं मशीन आहे, हात तयार आहे. बाबांनी घरीच शिकवलं, चष्म्याच्या फुटक्या काचांवर. आता फक्त कच्चा खडा प्रामाणिक माणसाकडून आणायचा. त्यात काय अवघड?

११ फेब्रुवारी
पहिला सप्लायर, ऑनलाइन. पाचपैकी पाच स्टार. खडा धुवायला घातला. पाणी जांभळं झालं, खडा पांढरा. आई म्हणाली, शाई कशाला आणलीस गं?
निराश नाही. अनुभव आला.

१९ फेब्रुवारी
दुसरा सप्लायर. फोटोत खडा अक्रोडाएवढा, हातात मसुराच्या दाण्याएवढा. फोन केला. तो म्हणाला, मॅडम, फोटो झूम करता येतो, खडा कसा करू? शेवटी मीच सॉरी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.
ठराव: यापुढे नीट तपासल्याशिवाय एकही खडा स्वीकारायचा नाही.

२६ फेब्रुवारी
तिसरे एक आजोबा. बाजारामागे जिन्याखाली दुकान, कपाळावर भिंग. ट्रेमधला खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, घरी ने, हवं तेवढं बघ, पटला तर घे. पैसेसुद्धा नंतर.
इतका चांगुलपणा कोणी उगाच करतं का?

२७ फेब्रुवारी
खडा भिंगातून पाहिला. एक डाग नाही, एक तडा नाही. बाबा नेहमी म्हणतात, खऱ्या खड्यात काहीतरी खोट असतेच. यात नाही. म्हणजे काच.

२८ फेब्रुवारी
तरी अन्याय नको म्हणून ओरखड्याची टेस्ट घेतली. खरा अमेथिस्ट काचेवर रेघ ओढतो, काच ओढत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीवर ओढून पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. आई किंचाळली. पण निष्कर्ष घाईने काढू नये. खिडकी जुनी आहे, काच मऊ पडली असेल. बाहेरच्या खोलीची खिडकी नवी, तिथे ओढला. तिथेही रेघ. बिल्डरने हलका माल वापरलाय.
संशय पक्का झाला.

२ मार्च
खडा परत केला. कारणं सभ्य शब्दांत सांगितली, कुठेही काच म्हणाले नाही, फक्त काचेसारखं म्हणाले. आजोबांनी सगळं ऐकलं, खडा ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, बरं, बाळ. पकडला गेलेला माणूस असाच शांत असतो.

८ मार्च
बाबांनी आज खिडकीवरून नख फिरवलं. म्हणाले, काच काचेवर अशी रेघ ओढेल का? मग दुसरी खिडकी पाहिली आणि विचारलं, अजून किती उरल्यात?
मला शंका होतीच. तशीच आजोबांच्या दुकानाकडे धावत सुटले. खडा विकला गेला होता. म्हटलं, तसाच दुसरा द्या. आजोबा म्हणाले, आहे, पण तुला नाही देणार. मी भरवशाच्या गिऱ्हाइकालाच देतो.
मी भरवशाची नाही? मी?

१४ मार्च
ताईला फोन केला. तिने आधी आठवण करून दिली, लग्न एकवीसला आहे. मग म्हणाली, सोनाराकडून तयार खडा बसवून घेऊ का? मी म्हटलं, तयार खड्यांची खात्री नसते गं. ती म्हणाली, मग तू म्हणशील तसं.
तिचा माझ्यावर केवढा विश्वास आहे. या आठवड्यात नक्की.

२१ मार्च
लग्न झालं. ताईने रिकाम्या कोंदणाची अंगठी घालूनच लग्नाच्या रजिस्टरवर सही केली. तिच्या सासूबाईंनी विचारलं, खडा पडला का गं कुठे? काही जणी खाली वाकून शोधायलाही लागल्या. ताई म्हणाली, नाही हो, माझी बहीण कापतेय. तिचं काम बारीक असतं.
कोंदणाची उघडी टोकं दिवसभर तिच्या बाहीत अडकत होती. मी शेजारी बसून धागे सोडवत होते.
फोटोच्या वेळी तिने तो हात माझ्या पाठीमागे लपवला. टोकं टोचत होती. मी हलले नाही.