पाठीवरची रेघ

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी पुस्तकबांधणीच्या खळीची बादली घेऊन जिना चढू नका.

अपिलाचा अर्ज मलाच लिहायचा आहे. सरकारकडून मिळालेला वकील फिरकत नाही आणि मुदत सत्तावीस तारखेपर्यंतच. कायद्याचं पुस्तक या तुरुंगात एकच, तेही पुरुषांच्या विभागातलं. आमच्याकडे गुरुवारी अर्धा तास येतं. काल हातात आलं, तर अपिलाचं प्रकरणच फाडलेलं. ज्याला लागलं त्यानं पानं नेली. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे, वकीलकाकांकडे, मिळेल का? त्यांनी वकिली सोडली तरी पुस्तकं ठेवली असतील.

नर्स म्हणून मी वॉर्डात होते, पण पेशंटला ते चुकीचं इंजेक्शन मी दिलं नाही, बाबा. निकालाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, चूक झाली असेल तर कबूल कर. ते अजून लागतंय.

तुमची,
ठकू


९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

वकीलकाकांनी पुस्तक लगेच काढून दिलं. तू आठ वर्षांची असताना मीच बांधलेलं निघालं. पण तुरुंगाच्या फाटकावरच्या कारकुनानं परत केलं. जाड पुठ्ठ्यात काहीही लपवता येतं, म्हणाला. जन्मभर पुठ्ठे चढवले, काढायची वेळ पहिल्यांदाच आली. सुरी घेऊन बसलो तर पंचवीस वर्षांची शिवण तसूभर ढिली नाही. ती तशीच ठेवली, पुठ्ठे तेवढे उतरवले आणि पाठीवरची खळ खरवडली. आज त्यानं पान न् पान झटकून आत घेतलं.

दुकानात तू टेबलाखाली बसायचीस. सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे आकड्यांप्रमाणे रचायचीस आणि मोठ्यानं गाणी म्हणायचीस. एकदा केसांत खळ सुकली आणि आईनं माझ्या कागदाच्या कात्रीनं ते कापले. महिनाभर तू टोपी घालून फिरलीस. दुकान आता फार शांत असतं.

अर्ज वेळेत कर. प्रकृतीस जप.

तुझे,
बाबा


१६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पुस्तक पोचलं. नाकाशी धरलं तर अख्खं दुकान आठवलं. बराकीतल्या सगळ्याजणींनी हाताळून पाहिलं.

दोनशे चाळीसनंतर थेट दोनशे छप्पन्न, तेही डोक्यावर उभं! माझा तो प्रसिद्ध उलटा फर्मा. वकीलकाकांसमोर तुम्ही म्हणाला होतात, पोरीनं घोळ घातला. आणि अपिलाचं प्रकरण नेमकं त्यातच. पुस्तक उलटं धरून मागून पुढे वाचत बसले, तर पहारेकरीण बाईंना वाटलं माझं डोकं फिरलं.

अर्ज निम्मा झालाय. उघडी पाठ पाहून मजा वाटली.

आठवण काढणारी,
ठकू


२० मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात लिहायचं धाडस झालं नाही. फर्मे रचून झाले की तू गठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढायचीस. खळ खरवडल्यावर ती दिसली. सरळ येते आणि त्या एकाच फर्म्यापाशी तुटते. तिथला तुकडा पार दुसऱ्या टोकाला आहे. म्हणजे रेघ ओढलीस तेव्हा फर्मा सुलटा होता, तू बरोबरच लावला होतास. तू शाळेत गेल्यावर गठ्ठा माझ्या हातून सांडला. घाईत उचलला आणि शिवला.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वकीलकाकांकडून मिळणारं काम जाईल म्हणून आठ वर्षांच्या पोरीवर ढकललं. आणि त्याच तोंडानं निकालाच्या दिवशी तुला कबूल कर म्हणालो. मला लाज वाटते, ठकू. तू ते इंजेक्शन दिलं नाहीस. आज लिहून देतो.

तुझा अपराधी,
बाबा


२६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अर्ज काल दाखल झाला. पोच मिळाली.

रेघ मीही पहिल्याच दिवशी पाहिली. तुम्ही सांगता का, याची वाट बघत होते. तेव्हाही मला ठाऊक होतं, बाबा. तुम्ही माझे होतात म्हणून गप्प बसले. पुढे तीच सवय लागली. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी मला काम शिकवलं, म्हणून कोर्टात मी नाही दिलं एवढंच म्हणाले. कोणी दिलं ते सांगितलं नाही. या वेळी अर्जात त्यांचं नाव लिहिलंय. लिहिलेलं खोडलं नाही.

पुस्तक मात्र आता घरी यायचं नाही. त्यासाठी अकराजणी रांगेत आहेत. फर्मा उलटा आहे, हे प्रत्येकीला आधीच सांगते. वकीलकाकांची माफी मागा.

सुनावणीची तारीख कळवीन. तुम्ही या. पहिल्याच बाकावर बसा आणि मी बोलेन तेव्हा मान खाली घालू नका.

तुमचीच,
ठकू