गियर समजून ओढलेली दांडी

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आता गाडी चालवते. तुमची अँबॅसडर नाही, ती तुमच्यामागे दोन वर्षांनी गेली. ही ह्यांनी घेतलेली नवी, पांढरी, तशीच मागे डिकीवाली. शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, आपलं बोलणं लिहायला कोणी शिकवलं नाही.

तुमच्या गाडीत पुढची सीट एकच, बाकासारखी. मी तुम्हाला चिकटून मधे बसायची. गियरची दांडी स्टेअरिंगलाच, तुमच्या डाव्या हाताशी. चढाला तुम्ही क्लच दाबायचात आणि म्हणायचात, "बाय, दुसरो टाक." मी दोन्ही हातांनी ओढायची. एकदा स्टेअरिंग धरलं तर चापट बसली. "गाडी काय म्हस आसा, कोणीय हाकूक?" मागचे पॅसेंजर हसले. त्यानंतर तुम्ही बोलावलंत तरी मी मागेच बसायची.

माझ्या मुलीला दम लागतो. चार वर्षांची आहे. मंगळवारी सकाळी तिची छाती वाजायला लागली ती पंपाने थांबेना. हे गोव्याला कामावर, रिक्षा एक मिळेना. ह्यांनी मला शिकवलं होतं, लायसन आहे, पण एकटीने कधी नेली नव्हती. तिला मागे पट्ट्यात बांधली आणि कुडाळचा रस्ता धरला.

तुमच्या गाडीत इंजिनापुढे आपलंच बोलणं ऐकू यायचं नाही. हिच्यात काचा लावल्या की काही वाजत नाही. मला तिचा एकेक श्वास ऐकू येतो आहे. दोन श्वासांत जरा वेळ गेला की मी मागे बघते. हात पोचत नाही. तुमच्या सीटवर ती मला टेकून बसली असती.

तिठ्यावर समोरून डंपर आला. गियर उतरवायला माझा डावा हात गेला तो स्टेअरिंगच्या दांडीवर. ओढली. वायपर सुरू झाले, कोरड्या काचेवर, खरखर. मी दचकले, क्लचवरचा पाय सुटला, गाडी उडी मारून बंद.

चावी फिरवायची, एवढंच होतं. मी फिरवली नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले, आणि मागे ती धापा टाकत होती. एसटीच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, "बाय, भर रस्त्यात गाडी धुतंस काय गो?" तरी मी बसलेली. मग ती म्हणाली, "आई." श्वास घेतला. "चल."

दवाखान्यात वाफ दिली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

ह्यांना मी सांगितलं, गाडी आपोआप बंद पडली. ह्यांनी मेकॅनिकला दाखवली, त्याला काही सापडलं नाही. "तुझ्या बापाशीची जुनी गाडी बरी," हे म्हणाले, "ती कधी वाटेत रवली नाय. हिचो भरवसो नाय. तू एकटी नेव नको." आणि चावी घेऊन परत गोव्याला गेले.

आज दुपारपासून तिची छाती पुन्हा बारीक वाजते आहे. गाडी दारात उभी. ह्यांना फोन करून खरं सांगितलं तर चावी आजच्या आज कोणाच्या तरी हाती पाठवतील. फोन बाजूला ठेवून मी तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही ह्यांना सांगणार नाही.

हे चावी खिशात घालत होते तेव्हा मला बरं वाटलं, बाबा.